मागची बाजू

समोरून दात चांगले होते.
आरसा आत घालून उलटा धरला
तेव्हा वरच्या चार दातांच्या पाठी दिसल्या:
पिवळट, गुळगुळीत, कडेला काचेइतक्या पातळ.
दाढेतलं जुनं चांदीचं भरण दातापेक्षा उंच उरलेलं,
ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकासारखं.

लिंबं खाता का? नाही.
कोला? क्वचित.
छातीत जळजळ?
ग्रासिएत छताकडे बघत राहिली.
तिथं मी मुलांसाठी कागदी देवमासा चिकटवलाय.
त्यालाच सांगितल्यासारखं म्हणाली, नाही, डॉक्टर.

एकोणीस वर्षं मी आवेइरूत दात बघते.
तोंड खोटं बोलतं, रोज बोलतं.
दातांना ते अजून जमलेलं नाही.

कानाखाली दोन्ही गाल सुजलेले,
गालगुंडासारखे, पण ताप नाही.
उजव्या हाताच्या बोटावर, सांध्यापाशी, जुना घट्टा.
वजन बेताचं. रस्त्यात वळून कुणी म्हणणार नाही, ही आजारी आहे.
म्हणून तर चोवीस वर्षं कुणी म्हणालं नाही.

एदितला बाहेर पाठवलं, मास्क खाली ओढला.
म्हटलं, असे दात मी आधी पाहिलेत.
वारंवार उलटीनं होतात.
कधी पोटाचं दुखणं असतं,
कधी माणूस ताटालाच घाबरतो.
तुमचं काय, ते आजच सांगायला हवं असं नाही.

खुर्ची सरळ करायची मी विसरले होते.
तिचं रडणं सरळ कानांत गेलं.

ती मिठाईच्या कारखान्यात डबे भरते.
अंड्याच्या बलकाची मिठाई,
पांढऱ्या पापुद्र्यात, शिंपल्याच्या नि माशाच्या आकाराची.
कामावर एकही तोंडात टाकत नाही. दिवसभर काहीच नाही.
फुटलेली घरी न्यायला देतात, म्हणाली,
आणि रात्री माझी मी उरत नाही.
मग नळ मोठा सोडायचा.
मग लगेच दात घासायचे, खसाखसा.

घासणं तेवढं आधी बंद करा, मी म्हटलं.
नुसती चूळ भरा.
आम्लानं मऊ पडलेल्या दातावर ब्रश म्हणजे कानस.
ती चकित झाली.
तिला वाटलं होतं, मी म्हणेन, उलट्या बंद करा.
जणू हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

सगळं पोटात ठेवलं होतं तिनं,
फक्त जेवण सोडून.

आरोग्य केंद्रात डॉ. टेल्मूंना चिठ्ठी दिली.
रक्त तपासा, हृदयाचा आलेख काढा.
मिठागरांच्या या गावात
तिच्या रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलेलं निघालं.

पुढचं मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं, तोंडात कापूस असताना
माणूस जेवढं सांगू शकतो तेवढं.
मंगळवारी नोएमियाबाईंकडे जायचं.
वहीत लिहायचं: काय खाल्लं, कुठं, आधी मनात काय होतं.
दर तीन तासांनी खायचं, भूक असो नसो.
उपास नाही; दिवसाचा उपासच
रात्रीचं दार उघडं ठेवतो.
सकाळी एक गोळी.
आणि जेवल्यावर तासभर आदेरितू,
तिचा नवरा, पत्ते मांडून बसतो.
भयंकर खेळतो, म्हणाली.
हरल्यावर चिडतो. बरं वाटतं.

कार्निव्हलच्या आठवड्यात फोन आला.
सलग चार रात्री.
मी काही बोलले नाही, मग विचारलं,
पाचव्या रात्री?
पाचव्या रात्री वहीत लिहिलं, म्हणाली.

झिजलेलं दंतवल्क परत येत नाही.
हे मी कुणालाच गोड करून सांगत नाही.
मी वरून लेप देते, कडा बांधते, एवढंच.
परवा जुना साचा शेजारी ठेवून पाहिलं.
सात महिन्यांत नवी झीज नाही.
दोनदा पाहिलं.

पुढची तारीख लिहिताना
मी साडेअकरा म्हटलं.
नको, ती म्हणाली, पर्स बंद करत,
साडेअकराला मी खाते.